ॲक्युपंक्चरचे बिंदू नेमके कुठे? ३६१ जागांच्या वादाची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २००६ च्या अखेरीस जपानमधल्या त्सुकुबा शहरात नऊ देशांचे तज्ज्ञ जमले, तेव्हा सुई टोचल्याने आजार बरा होतो का हा विषय त्यांच्यापुढे नव्हता. सुई कुठे टोचायची, एवढंच ठरवायचं होतं. चीन, जपान आणि कोरिया या तिन्ही देशांत मुख्य बिंदू ३६१ आणि त्यांची नावंही बहुतेक सारखीच. पण २००३ पासून ताडून पाहिल्यावर ९२ बिंदूंच्या जागा जुळत नाहीत, असं दिसून आलं होतं. चर्चा करून ८६ जुळले. सहा राहिले, ते मतदानाने सोडवावे लागले. त्या सहांची मुख्य जागा ठरली आणि हरलेली जागा शेऱ्यात पर्यायी म्हणून नोंदली गेली. हे सगळं २००८ साली ग्रंथरूपात आलं.

दोन हजार वर्षांच्या विद्येत जागेवरून इतका घोळ कसा? त्याचं मूळ थोडंफार शब्दात आहे. आपण ‘बिंदू’ म्हणतो, इंग्रजीतही तसंच म्हणतात. चिनी शब्द आहे ‘श्वे’, म्हणजे विवर, पोकळी. जुन्या ग्रंथांतली वर्णनंही त्याच धाटणीची आहेत: अमुक हाडाच्या खाली, दोन स्नायूंच्या मध्ये, जिथे खळगा लागतो तिथे. खळगा बोटाने चाचपून शोधायचा असतो. बिंदू कागदावर काढता येतो. चाचपण्याची विद्या तक्त्यावर आणि पाठ्यपुस्तकात उतरली तेव्हा प्रत्येक परंपरेने आपल्या बोटाला लागलेला खळगा खरा मानला.

तसा जागा पक्की करण्याचा प्रयत्न जुनाच. १०२७ साली चीनच्या सोंग दरबाराने माणसाच्या उंचीचे दोन कांस्यपुतळे ओतून घेतले. अंगावर ६५७ छिद्रं, बिंदूंची नावं ३५४. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेण चढवत आणि आत द्रव भरत. विद्यार्थ्याची सुई बरोबर छिद्रात गेली तरच द्रव बाहेर येई. बिंदूंची संख्याही हळूहळूच वाढली: तिसऱ्या शतकातल्या ग्रंथात ३४९, १६०१ च्या संग्रहात ३५९ आणि ३६१ हा आकडा थेट १८१७ मध्ये. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८२२ साली, राजवैद्यकीय संस्थेतला सुईचा विभाग बादशाही हुकमाने बंद झाला.

मोजमापाचं एकक आहे त्सुन. आयुर्वेदात मर्म मोजताना रुग्णाचंच अंगुळ धरतात, तसंच इथेही. रुग्णाच्या अंगठ्याची सांध्यापाशी जेवढी रुंदी तो एक त्सुन, चार बोटं जोडून तीन. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते: ते स्वतःचा अंगठा लावतात. रुंद हाताच्या उपचारकाने लहान मुलाच्या नडगीवर आपली चार बोटं ठेवली, तर गुडघ्याखालचा त्सू-सान-ली हा बिंदू बराच खाली सरकतो. म्हणून बोटांपेक्षा हाडांचं प्रमाण जास्त भरवशाचं. कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत बारा त्सुन, बेंबीपासून जघनास्थीच्या वरच्या कडेपर्यंत पाच, दोन स्तनाग्रांमध्ये आठ. हात लांब असो की आखूड, भाग बाराच. सरावातले लोक ताणता येणाऱ्या इलॅस्टिकवर बारा समान खुणा करून ठेवतात. एक टोक कोपरावर, दुसरं मनगटावर ताणून धरलं की मनगटाकडून दुसऱ्या खुणेवर, दोन कंडरांच्या मध्ये, नेइग्वान मिळतो. मळमळीवर वापरतात तोच हा बिंदू. याच्या खालून हाताची मध्यवर्ती चेता (मीडियन नर्व्ह) जाते, त्यामुळे सुई सरळ आणि सावकाश घालायची. बोटांकडे विजेसारखी झिणझिणी गेली तर लगेच मागे घ्यायची.

आता ते सहा बिंदू. दोन नाकाजवळचे आहेत. यिंगश्यांग नाकपुडीच्या बाहेरच्या कडेच्या मध्याशी की तिच्या तळाशी? मत मध्याला मिळालं. त्याच्या खालचा खौल्याव नाकाखालच्या पन्हळीच्या मध्याच्या रेषेत धरला गेला. वरच्या तृतीयांशाची रेषा पर्यायात गेली. शुद्ध हरपलेल्यासाठी वापरतात तो श्वेइगौ त्याच पन्हळीत येतो. तिथेही तेच झालं: मध्य मुख्य, वरचा एक तृतीयांश संपतो ती जागा पर्यायी. मधल्या बोटाच्या टोकाचा चोंगछोंग काहींच्या मते टोकावर नव्हे, नखाच्या अंगठ्याकडच्या कोपऱ्याशी. तळहातावरचा लाओगोंग दुसऱ्या आणि तिसऱ्या हाडामध्ये मानला गेला, पण तिसऱ्या-चौथ्यामध्ये मानणारेही कमी नाहीत. या पाचांत फरक फार तर बोटाच्या रुंदीचा.

सहावा, ह्वानत्याव, मात्र वेगळाच आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादाचं वजन त्याच्यावर आहे. हा खुब्याचा बिंदू. पाठीतून पायात जाणाऱ्या कळेसाठी, म्हणजे सायटिकासाठी वापरतात. मान्य झालेली जागा मागच्या बाजूला आहे. मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा आणि त्रिकास्थीच्या खालचं छिद्र यांना जोडणारी रेषा काढायची, तिचे तीन भाग करायचे आणि उंचवट्याकडचा भाग सोडून पहिल्या खुणेवर टोचायचं. पर्यायी जागा पुढच्या बाजूला आहे: तोच उंचवटा आणि कमरेच्या हाडाचं पुढचं टोक यांच्यामध्ये. दोन्हींमध्ये काही इंचांचं अंतर पडतं आणि खाली वेगळेच स्नायू असतात. मागच्या जागी ७५ मिलिमीटरची सुई दोन-तीन त्सुन खोल जाते आणि सायटिक चेतेच्या आसपास पोचते. पुढच्या जागी ते होणारच नाही. ‘ह्वानत्याववर सुई दिली’ एवढ्या नोंदीवरून रुग्णावर काय केलं ते कळत नाही, आणि हे मला गंभीर वाटतं.

याची मुळं विसाव्या शतकात आहेत. १९२९ मध्ये चीनमध्ये जुनं वैद्यक मोडीत काढण्याचा ठराव आला आणि शांघायमध्ये वैद्यांनी मोठा विरोध केला. १९३० च्या दशकात वूशी इथल्या एका शिक्षकाने जपानी पुस्तकं आणि शरीररचनाशास्त्र हाताशी घेऊन बिंदू नव्याने बसवले आणि जाड सुयांच्या जागी बारीक सुया आणल्या. आज आपण जी सुई पाहतो, पाव मिलिमीटर जाडीची, ती याच वळणाची. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि छंगदू इथे महाविद्यालयं निघाली आणि त्यांच्यासाठी एकसारखी पाठ्यपुस्तकं लिहावी लागली. ‘शरीराचा समग्र विचार’ हे चिनी वैद्यकाचं मुख्य लक्षण म्हणून ठळक झालं तेही याच काळात. आज पश्चिमेत होलिस्टिक म्हणून जे पोचलं आहे त्याची मांडणी बरीचशी तिथली आहे. जपान आणि कोरियाने आपापली पुस्तकं ठेवली. तक्ते वेगळे होत गेले.

मग १९७१ आलं. बीजिंगमध्ये एका अमेरिकन पत्रकाराचं अपेंडिक्स काढलं गेलं. भूल नेहमीच्या इंजेक्शनची होती. शस्त्रक्रियेनंतर पोट फुगून दुखू लागलं, तेव्हा उजव्या कोपराच्या बाहेर आणि गुडघ्यांखाली सुया लावल्या. सुयांच्या भुलेवर शस्त्रक्रिया झाली ही दंतकथा अजून फिरते. ती चुकीची आहे. पण त्या बातमीनंतर पश्चिमेत मागणी उसळली, आणि मागणीबरोबर चाचण्या आल्या.

जर्मनीतली २००७ ची कंबरदुखीची चाचणी पाहा. ११६२ रुग्ण होते. खऱ्या बिंदूंवर ५ ते ४० मिलिमीटर खोल सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना सहा महिन्यांनी फरक पडला. बिंदू टाळून १ ते ३ मिलिमीटर वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचारांवरच्या २७.४ टक्क्यांना. जागेला फारसं महत्त्व नाही, असा याचा सरळ अर्थ निघतो, आणि तो नजरेआड करणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. दुसरीकडे, वरवरची सुईही निष्क्रिय नसते, असंही म्हणता येतं. यातलं खरं काय, ते तपासायचं तर आधी ‘खरी जागा’ कोणती यावर सगळ्यांचं एकमत हवं. त्सुकुबाची बैठक म्हणूनच गरजेची होती.

पण त्याच वर्षी चीनने २००६ च्या आपल्या राष्ट्रीय मानकात भुवयांमधला यिनतांग मुख्य बिंदूंत घातला. आकडा ३६२ झाला.

आपल्याकडे ही विद्या आली ती मुख्यतः चीनमार्गे. सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये ज्या पथकातून चीनला गेले, त्यातल्याच एका बंगाली सहकाऱ्याने पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे ही विद्या शिकून ती कोलकात्यात आणली. महाराष्ट्रात आता तिच्यासाठी वेगळा कायदा आहे. भिंतीवरचा तक्ता घेताना मात्र तो कोणत्या मानकावरून काढलाय ते पाहावं. सोपी चाचणी म्हणजे खुब्याचा बिंदू: तो पाठीमागच्या चित्रात आहे की कुशीच्या चित्रात पुढे सरकलेला आहे, एवढं पाहिलं तरी कळतं.