ओटिस, जेम्स

ओटिस, जेम्स : (५ फेब्रुवारी १७२५–२३ मे १७८३). अमेरिकन राज्यक्रांतीच्या पूर्वपर्वातील मॅसॅचूसेट्सचा वकील व राजकीय नेता. वेस्ट बार्नस्टेबल येथे जन्म. हार्व्हर्डची पदवी घेतल्यावर (१७४३) तो जेरिमाया ग्रिडली या नामांकित वकिलाकडे कायदा शिकला.

त्याचे नाव टिकले ते ‘रिट्स ऑफ असिस्टन्स’च्या खटल्यामुळे. हे झडतीचे सरसकट परवाने होते. कोणाचे घर, कोणता माल, काहीच त्यांवर लिहिलेले नसे. परवाना हाती असला की जकात अधिकारी दिवसाउजेडी कोणाच्याही घरात वा वखारीत शिरे. ब्रिटिश राजाच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी त्यांची मुदत संपे. दुसरा जॉर्ज ऑक्टोबर १७६० मध्ये वारला आणि नवे परवाने मागण्याची वेळ आली. ओटिस तेव्हा सागरी न्यायालयात सरकारी वकील होता. त्याने पदाचा राजीनामा देऊन परवान्यांना विरोध करणाऱ्या व्यापाऱ्यांचे वकीलपत्र घेतले. वडिलांना अपेक्षित असलेले सरन्यायाधीशपद टॉमस हचिन्सनला मिळाल्याचा हा सूड, असे विरोधक म्हणत. राग असेलही, पण त्याचा युक्तिवाद त्या रागाहून फार मोठा होता.

फेब्रुवारी १७६१. बोस्टनच्या टाउन हाउसमध्ये समोर न्यायासनावर हचिन्सन, सरकारतर्फे उभा खुद्द गुरू ग्रिडली. ओटिस काही तास बोलला. त्याने वेअर नावाच्या माणसाची हकिगत सांगितली. त्याच्याकडे दुसऱ्याने हस्तांतरित केलेला असा परवाना होता. एका किरकोळ गुन्ह्यासाठी न्यायाधीशाने त्याला बोलावून घेतले. चौकशी संपताच वेअरने परवाना काढला आणि त्याच न्यायाधीशाचे घर माळ्यापासून तळघरापर्यंत धुंडाळले! माणसाचे घर हा त्याचा किल्ला आहे आणि संविधानाविरुद्ध केलेला ब्रिटिश पार्लमेंटचा कायदाही रद्दबातल होय, अशी ओटिसची मांडणी होती.

तो हरला, परवाने कायम झाले. पण पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला पंचवीस वर्षांचा जॉन अ‍ॅडम्स तिथे टिपणे घेत होता. स्वातंत्र्याचे बाळ तिथेच जन्मले, असे त्याने म्हातारपणी लिहिले. अमेरिकन संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीने (१७९१) झडतीची जागा व वस्तू वॉरंटमध्ये नेमकेपणाने नमूद करणे बंधनकारक केले.

खटल्याच्याच वर्षी (१७६१) ओटिस प्रांतिक विधिमंडळावर निवडून आला. १७६४ च्या पुस्तिकेत त्याने वसाहतींतील माणसे, गोरी असोत वा काळी, निसर्गतः स्वतंत्र आहेत असे लिहिले. त्या काळी इतके स्वच्छ लिहिणारे थोडेच होते. ब्रिटिश मुद्रांक कराच्या विरोधात वसाहतींनी भरवलेल्या १७६५ च्या स्टँप अ‍ॅक्ट काँग्रेसला तो प्रतिनिधी म्हणून गेला. मात्र पार्लमेंटची सत्ता त्याने झुगारली नाही; त्याला हवे होते तीत प्रतिनिधित्व. त्यामुळे तरुण सहकाऱ्यांना तो डळमळीत वाटू लागला.

सप्टेंबर १७६९ मध्ये एका कॉफी हाउसमधील मारामारीत जकात आयुक्त जॉन रॉबिन्सनने त्याचे डोके फोडले. त्याआधीच ढळू लागलेले मन पुढे पुरते सावरले नाही. न्यायालयाने २,००० पौंड भरपाई दिली. ओटिसने माफी व खर्च घेऊन बाकी रक्कम सोडली. मृत्यू यावा तर विजेच्या लोळाने, असे तो बहीण मर्सी ओटिस वॉरन हिला म्हणे. अँडोव्हर येथे वादळ पाहत दारात उभा असताना वीज पडून तो मरण पावला.