ड्रॉप घेतला होता, आता शिष्यवृत्ती मिळेल का? गॅपनंतरच्या महाडीबीटी अर्जाची माहिती

मराठवाड्यात पोरांचं वर्ष मागे पडण्याची कारणं एकसारखी नसतात. कुणी लातूरला किंवा नांदेडला खोली करून ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा रिपीट करतं, कुणी पोलीस भरतीच्या मागे असतं. बीडकडच्या एखाद्या घरात आई-बाप ऊसतोडीला गेले की धाकट्या भावंडांपाशी थोरल्या पोरीलाच थांबावं लागतं. पुढच्या वर्षी प्रवेश घेताना मात्र सगळ्यांना एकच धास्ती असते: गॅप पडलाय, आता स्कॉलरशिप गेली. बहुतेक वेळा ती जात नाही. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज अडतो तो गॅपच्या काळात मुदत संपलेल्या आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या कागदांमुळे.

तुमचा गॅप कोणता?

बारावी झाल्यावर नव्या कोर्सला प्रवेश घेण्याआधी पडलेला खंड वेगळा आणि चालू कोर्सच्या मध्येच पडलेला खंड वेगळा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत, म्हणजे आपण ज्याला ईबीसी म्हणतो त्यात, अट आहे ती कोर्सच्या काळातल्या खंडाची: दोन किंवा जास्त वर्षांचा खंड चालत नाही. बारावी 2024 ला झाली आणि इंजिनिअरिंगला 2026 ला लागलात, तर तो खंड या अटीत येत नाही. पण दुसरं वर्ष करून दोन वर्षं घरी थांबलात आणि मग तिसऱ्याला बसलात, तर येतो.

तिसरा प्रकार आपल्याकडे फार चालतो आणि त्याबद्दल कुणी उघड बोलत नाही. घर तालुक्याला, पोरगं क्लासला लातूरला आणि ‘वर्ष वाया नको’ म्हणून गावाजवळच्या कॉलेजात बीएस्सीला नावापुरता प्रवेश. हा गॅप नव्हेच. कागदोपत्री तुम्ही त्या वर्षी विद्यार्थी होता. त्यावर शिष्यवृत्तीही घेतली असेल, तर ‘मी कुठेही प्रवेश घेतला नव्हता’ असं लिहून देणं सरळ खोटं ठरतं. आधारमुळे जुना अर्ज पोर्टलवर दिसतोच. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीच्या केंद्रीय नियमांत तर वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडल्यास रक्कम परत मागण्याची आणि परवानगीशिवाय कोर्स बदलल्यास शिष्यवृत्ती रद्द करण्याची तरतूद आहे. असं झालं असेल तर जुन्या कॉलेजात प्रवेश रीतसर रद्द करून त्याचं पत्र घ्या, टीसी काढा आणि नव्या कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात खरं काय ते आधीच सांगा. लपवलेलं प्रकरण पुढे समाजकल्याणच्या टेबलावर निघालं, तर निस्तरणं फार अवघड जातं.

कोणाला काय

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत हवं. त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण आणि परीक्षा शुल्काची सवलत, पाहा. ईबीसीला मर्यादा 8 लाखांची, प्रवेश कॅपमधूनच (सरकारची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) झालेला हवा आणि कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी गटातल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. रिपीटरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ड्रॉपनंतर ‘आता काहीही करून सीट पाहिजे’ या घाईत व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, की यातलं बरंच काही हातचं जातं. पैसे भरण्याआधी हा हिशोब घरात बसून करा.

कागद

गॅपचा कागद सगळ्यात आधी. काही कॉलेजं साधं स्वयंघोषणापत्र घेतात, काही नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र मागतात. विचारल्याशिवाय स्टँप पेपरवर खर्च करू नका. मजकूर साधारण असा पुरतो: ‘मी मार्च 2025 मध्ये बारावी उत्तीर्ण झालो. 2025-26 या शैक्षणिक वर्षात मी नीट परीक्षेची तयारी करत होतो. या काळात मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही व कोणत्याही शिष्यवृत्तीचा लाभ घेतलेला नाही.’ आजारपणामुळे थांबला असाल तर दवाखान्याचे कागद जोडा. घरकामामुळे किंवा मजुरीमुळे थांबला असाल तर तसंच लिहा, त्यात कमीपणा नाही.

वर्षं मोजताना पुष्कळ जण चुकतात. बारावी 2024-25 ला आणि प्रवेश 2026-27 ला, तर गॅप एकच वर्षाचा, 2025-26 चा. दोन लिहिलंत की गुणपत्रिका आणि घोषणापत्र जुळत नाही आणि अर्ज त्रुटीत निघतो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच, आणि चालू वर्षाचा. याची मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे बारावीच्या वेळी काढलेला एक वर्षाचा दाखला आता निरुपयोगी. ईडब्ल्यूएस आणि नॉन क्रिमीलेअरच्या तारखाही तपासा. दाखल्यासाठी सेतूत किंवा महा ई-सेवा केंद्रात लवकर जा. निकालानंतर सगळा तालुका तिथे उभा असतो.

याशिवाय दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जिथे लागते तिथे जात पडताळणी, कॅपचं अलॉटमेंट लेटर आणि रेशनकार्ड.

बँकेचं खातं मात्र नीट बघा. वर्षभर व्यवहार नसलेलं खातं कधी केवायसीसाठी अडकतं, कधी आधार भलत्याच खात्याला जोडलेलं निघतं. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात जमा होणारे, पैसे आधारशी संलग्न असलेल्या खात्यातच येतात, तुम्ही पासबुक कोणतं दाखवता याला अर्थ नाही. शाखेत जाऊन आधार सीडिंग करून घ्या. क्लासच्या काळात सिमकार्ड बदललं असेल तर आधारचा मोबाईल नंबरही आधी बदला, कारण ओटीपी तिथेच जातो.

अर्ज भरताना

अकरावी-बारावीला महाडीबीटीवर अर्ज केला होता का? मग जुनंच युजरनेम वापरा. एका आधारवर दुसरं प्रोफाइल काढायला गेलात की गोंधळ होतो. पासवर्ड विसरला असाल तर तो परत मिळवा. प्रोफाइलमध्ये पत्ता, उत्पन्न, दाखल्याचा क्रमांक नव्याने भरा. मागील शिक्षणाच्या भागात बारावी भरताना गॅप दाखवायचा आणि तिथेच गॅपचा कागद अपलोड करायचा. मग चालू कोर्सची माहिती, वसतिगृहात असाल तर त्याचा तपशील, आणि शेवटी योजना निवडून अर्ज सादर करायचा. नवा कोर्स म्हणजे नवा अर्ज. नूतनीकरण हे त्याच कोर्सच्या पुढच्या वर्षासाठी असतं.

सादर केला म्हणजे काम झालं असं समजू नका. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांकडे, तिथून संबंधित विभागाच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयाकडे जातो. कुठेही त्रुटी निघाली तर तो तुमच्या लॉगिनला परत येतो. तोवर कॉलेजची हजेरीही सांभाळा, पुढच्या हप्त्याला तीही पाहिली जाते. दर आठवड्याला एकदा लॉगिन करून स्थिती बघा. अर्ज परत आला असेल तर शेरा वाचून तेवढाच कागद बदला, मुदतीच्या आत पुन्हा पाठवा आणि अर्ज क्रमांक असलेली प्रिंट कॉलेजात देऊन पोच घ्या.