वीज गेली, आली आणि फ्यूज उडाला

चवथीच्या आरत्यांसाठी घरीच अ‍ॅम्प्लिफायर बांधणारा एखादा हौशी गडी गोव्यात बहुतेक वाड्यांवर सापडेल. ट्रान्सफॉर्मर लहान असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग आवाज वाढवायचा म्हणून मेदूवड्याच्या आकाराचा ५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) टोरॉइड, म्हणजे कड्यासारख्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर येतो, आणि स्विच दाबताच घरातले दिवे मंदावतात. कधी फ्यूज उडतो, कधी एमसीबी पडते. जोडणीत काही चूक नसतानाही.

हा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण २.२ अँपिअर घेतो. त्याच्या प्रायमरीच्या (विजेला जोडलेल्या गुंडाळीच्या) तारेचा रोध मात्र दोन-तीन ओहमच असतो. एरवी करंटला आवर घालतं ते लोखंडी गाभ्यातलं बदलतं चुंबकत्व. व्होल्टेज नेमकं शून्य असताना स्विच लागला, तर पहिल्याच अर्ध्या आवर्तनात हे चुंबकत्व नेहमीच्या कमाल पातळीच्या दुप्पट व्हायला बघतं. मागच्या खेपेचं उरलेलं चुंबकत्व त्याच दिशेचं निघालं, तर आणखी भर. आणि टोरॉइडच्या गाभ्यात फट नसल्याने ते उरतंही जास्त. लोखंड संपृक्त होतं, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनासं होतं, मग अडवायला राहतो फक्त तारेचा रोध, आणि काही मिलिसेकंद करंट नेहमीच्या कित्येक पट वाहतो. शून्य व्होल्टला स्विच करणं सौम्य, ही समजूत ट्रान्सफॉर्मरपुरती साफ उलटी आहे.

रेक्टिफायरनंतरचे (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतरचे) १०,००० मायक्रोफॅरडचे रिकामे कपॅसिटरही पहिल्या क्षणी शॉर्टसारखेच वागतात.

यावर जाड फ्यूज घालणं हा सर्वांत वाईट इलाज. स्लो-ब्लो (क्षणभराचा धक्का सोसणारा) फ्यूज ठीक, पण मूळ धक्का तसाच राहतो. म्हणून बरेच जण प्रायमरीच्या सिरीजमध्ये एनटीसी थर्मिस्टर लावतात: थंड असताना समजा १० ओहम, तापला की एका ओहमच्याही खाली. स्वस्त आणि सोपा. तरी गोव्याच्या पावसाळ्यात मला तो पटत नाही. माडाचं झावळ तारेवर पडतं, वीज जाते आणि दोन सेकंदांत परत येते. थर्मिस्टर निवायला मिनिटभर तरी हवा. तेवढ्यात कपॅसिटरांत थोडा चार्ज टिकतो हे खरं, पण गाभ्याला त्याचा काही उपयोग नाही. शिवाय क्लास एबी प्रकारचा अ‍ॅम्प्लिफायर हळू आवाजात इतका कमी करंट घेतो की थर्मिस्टर धड तापतही नाही.

त्यापेक्षा रेझिस्टर आणि टायमरवरचा रिले (विजेने चालणारा स्विच). १५० ओहम, १० वॅटचे तीन वायरवाउंड रेझिस्टर पॅरललमध्ये जोडले की ५० ओहम होतात. मग काहीही झालं तरी करंट ४.६ अँपिअरवर, शिखराला साडेसहावर अडतो. सेकंदभराने टायमरमुळे रिले ओढला जातो आणि रेझिस्टर बाजूला पडतात, म्हणजे करंट त्यांना टाळून थेट जातो. रिले ओढलाच गेला नाही, किंवा आपल्या खाऱ्या दमट हवेत त्याचे कॉन्टॅक्ट खराब झाले, तर हे रेझिस्टर भाजून निघतील. त्यांना चिकटून थर्मल फ्यूज (फार तापलं की तुटणारा) हवाच. २३० व्होल्टचं काम आहे, तेव्हा धातूच्या पेटीला अर्थिंगही.

टायमरच्या सप्लायवर मात्र मोठा कपॅसिटर ठेवू नका. वीज जाताच रिले सुटला पाहिजे, नाहीतर वीज परतेल तेव्हा रेझिस्टर बाजूलाच पडलेले असतील. पेटीचं झाकण लावून स्विच चटकन बंद-चालू करा: रिलेचा ‘टक्’ सुटताना एकदा आणि सेकंदभराने पुन्हा एकदा ऐकू यायला हवा.