घर स्वतःचं, ऊब बाहेरून : रुमेनियातल्या फ्लॅटांची गोष्ट

युरोपीय संघात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांची यादी काढली, तर बहुतेक वर्षी रुमेनिया वरच्या टोकाला दिसतो. साधारण 95 टक्के. जर्मनीत हेच प्रमाण निम्म्याच्या आसपास. आकडा ऐकून हेवा वाटावा. पण त्याच देशात जवळपास 40 टक्के लोक दाटीवाटीने राहतात, आणि 2020 मध्येही पाचातल्या एकाच्या घरात संडास-न्हाणीघराची धड सोय नव्हती. त्यात खेडी जास्त. ही विसंगती समजायची तर कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या शेवटच्या दशकात जावं लागतं.

1981 च्या सुमारास देशावर 10 अब्ज डॉलरच्या आसपास परदेशी कर्ज होतं. ते पै न् पै फेडायचं, असं चाउशेस्कूने ठरवलं. पिकेल ते, बनेल ते परदेशात जाऊ लागलं आणि घरच्यांना पाव, तेल, साखर रेशनवर. मांसाच्या दुकानात बऱ्याचदा डुकराचे पायच लटकलेले असत. लोक त्यांना ‘आदिदास’ म्हणायचे. टीव्ही दिवसाला दोन तास. आणि हिवाळ्यात घरात स्वेटर-कोट घालून झोपायचं, कारण रेडिएटर जेमतेम कोमट. हे रेडिएटर चालायचे शहराच्या औष्णिक केंद्रातून पाइपांनी येणाऱ्या गरम पाण्यावर. म्हणजे कुणाच्या घरात किती ऊब, हे वरून ठरायचं. एप्रिल 1989 मध्ये कर्ज फिटल्याची घोषणा झाली. डिसेंबरात चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि नाताळच्या दिवशी त्याला गोळ्या घातल्या गेल्या.

नव्या सरकारने अन्नाची निर्यात थांबवली, रेडिएटर तापवले, आणि फेब्रुवारी 1990 मध्ये एक हुकूम काढला : सरकारी फ्लॅटमध्ये राहणाऱ्या भाडेकरूला तो विकत घेता येईल. थोडी रक्कम रोख, बाकीचे हप्ते. मग महागाई उसळली. 1993 मध्ये ती 250 टक्क्यांच्या वर गेली, आणि हप्त्याची रक्कम चहापाण्याच्या खर्चाइतकी उरली. लाखो कुटुंबं जवळजवळ फुकटात मालक झाली. माझ्या मते त्या 95 टक्क्यांचं खरं मूळ इथं आहे. ती लोकांच्या श्रीमंतीची खूण नव्हे. राज्याने आपल्या डोक्यावरचं छप्पर एका झटक्यात लोकांच्या डोक्यावर ठेवलं.

भिंती मालकीच्या झाल्या, पाइप मात्र सामायिकच राहिले. तळमजल्यावरच्या फलकावर दरमहा मेंटेनन्सची यादी लागायची : फ्लॅट नंबर, माणसं किती, पाणी, हीटिंग, थकबाकी. कुणाचं किती बाकी, हे जिना चढताना सगळ्यांना दिसायचं. आपल्याकडच्या सोसायटीत राहिलेल्याला ही लाज वेगळी सांगायला नको. त्यात कारखाने बंद पडलेले, पेन्शन महागाईने खाल्लेलं. ऊब नको म्हणून एकट्याने नळ बंद करता यायचा नाही. पाणी उभ्या पाइपाने सगळ्या मजल्यांतून जायचं. हिवाळ्यातलं बिल बऱ्याच पेन्शनरांना झेपेना.

ज्यांच्याकडे पैसे आले, त्यांनी सामायिक व्यवस्थेतून नाव काढून घेतलं आणि स्वयंपाकघरात स्वतःचा गॅसचा बॉयलर बसवला. धुराची नळी भिंतीतून थेट बाहेर. जुन्या इमारतींच्या भिंतींवर अशा नळ्या आजही दिसतात. कुठल्या घराने सामायिक पाइप सोडला, ते त्यावरून लगेच कळतं. जितके लोक बाहेर पडले, तितका जुन्या पाइपांचा खर्च उरलेल्यांवर पडला. गळती वाढली. राजधानी बुखारेस्टमध्ये तर अलीकडच्या वर्षांतही हिवाळ्यात गरम पाणी जाण्याच्या बातम्या येतात.

बॉयलरचे हे पैसे आले कुठून? बरेचसे परदेशातून. जानेवारी 2002 पासून शेंगेन देशांत, म्हणजे आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, जायला व्हिसा लागेनासा झाला, 2007 मध्ये देश युरोपीय संघात गेला, आणि माणसं इटली-स्पेनकडे निघाली. कुणी बांधकामावर, कुणी म्हाताऱ्यांची देखभाल करायला. 1992 च्या जनगणनेत 2 कोटी 28 लाख असलेली लोकसंख्या 2021 मध्ये 1 कोटी 90 लाखांवर आली. दोन खोल्यांचा फ्लॅट आईच्या नावावर, आणि बॉयलरचे पैसे पाठवणारी मुलगी इटलीत दुसऱ्याच कुणाच्या आईला अंघोळ घालते आहे, हे चित्र तिथे अजिबात दुर्मीळ नाही.