सिंगल-बोर्ड लिनक्स संगणकांवरील बूट-सुरक्षित अपडेट

रास्पबेरी पाय, ऑरेंज पाय, बीगलबोन, ओड्रॉइड अशा सिंगल-बोर्ड संगणकांवरील लिनक्स अपडेट करताना, नवी आवृत्ती सुरू झाली नाही तरी जुनी आवृत्ती हाताशी राहील अशी व्यवस्था ठेवण्याच्या पद्धतीला बूट-सुरक्षित अपडेट म्हणतात. घरच्या पीसीवर अपडेट फसले तर ग्रब या बूटलोडरच्या (सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूतून मागचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडता येतो. बहुतेक सिंगल-बोर्ड संगणकांवर असा मेनू नसतो. अनेकदा स्क्रीन आणि कीबोर्डही नसतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत पानांचा ओलावा नोंदवणारे हवामान केंद्र, लासलगावकडच्या कांदा चाळीतला तापमान-आर्द्रतेचा नोंदक किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यात यंत्राला जोडलेला गेटवे एकदा बंद पडला, की कोणाला तरी तिथे जाऊन खोका उघडावाच लागतो. म्हणून अपडेटची आज्ञा देण्याआधीच परतीची वाट तयार हवी.

बूटची साखळी

सगळी बोर्डे एकाच रीतीने सुरू होत नाहीत, आणि निम्मी दुरुस्ती या फरकात दडलेली असते. रास्पबेरी पाय ३ व त्याआधीच्या मॉडेलांत चिपमधला रॉम एसडी कार्डाच्या फॅट पार्टिशनवरून (बूटच्या फाइलींच्या लहान भागावरून) बूटकोड.बिन वाचतो. त्यानंतर स्टार्ट.ईएलएफ, मग कॉन्फिग.टीएक्सटी आणि शेवटी कर्नल असा क्रम असतो. पाय ४ मध्ये पहिला टप्पा बोर्डावरच्या ईप्रॉममध्ये (वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या चिपमध्ये) गेला, पण स्टार्ट४.ईएलएफ कार्डावरच राहिली. पाय ५ मध्ये तीही फाइल लागत नाही, कारण फर्मवेअर (बोर्ड सुरू करणारे सॉफ्टवेअर) पूर्ण ईप्रॉममध्ये असते. त्यामुळे पाय ३ चे फर्मवेअर बिघडले तर कार्ड बदलून भागते. पाय ४ आणि ५ मध्ये दोष ईप्रॉममध्ये असेल तर नेहमीची कितीही कार्डे बदलली तरी फरक पडत नाही, शेवटी सांगितलेले दुरुस्तीचे कार्ड लागते.

ऑलविनर आणि रॉकचिप चिपांच्या बोर्डांवर यू-बूट हा बूटलोडर असतो आणि तो कोणत्याही पार्टिशनमध्ये नसतो. तो कार्डाच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत थेट लिहिलेला असतो. ऑलविनरवर त्याचा पहिला भाग ८ केबीपासून सुरू होतो. रॉकचिपवर पहिला भाग ६४व्या सेक्टरवर आणि मुख्य भाग १६३८४व्या सेक्टरवर असतो. फाइल मॅनेजरमध्ये तो दिसत नाही, आणि केवळ पार्टिशनांच्या फाइली उतरवलेल्या बॅकअपमध्ये तो येत नाही. असा बॅकअप नव्या कार्डावर चढवून बोर्ड सुरू होण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

आणखी एक फरक लक्षात ठेवावा. ऑलविनरचा रॉम आधी एसडी कार्ड पाहतो, मग ईएमएमसी (बोर्डावरची साठवण). त्यामुळे चांगले कार्ड घातले की बोर्ड सुरू होण्याची खात्री असते. रॉकचिपच्या आरके३३९९ चिपचा रॉम मात्र आधी एसपीआय (छोटी साठवण चिप), मग ईएमएमसी आणि सर्वांत शेवटी एसडी पाहतो. ईएमएमसीवरचा यू-बूट अर्धवट बिघडला तर रॉमच्या लेखी तो वैध ठरतो आणि कार्डाकडे पाळीच येत नाही. अशा बोर्डावर ईएमएमसी मॉड्यूल काढावे लागते किंवा मास्करॉम बटण दाबून यूएसबीवरून नव्याने लिहावे लागते. बोर्ड खरेदी करतानाच हे तपासलेले बरे.

बिघाड कुठे होतो

कर्नल, त्याची मॉड्यूल (ड्रायव्हर), इनिटरॅमएफएस (बूटवेळची तात्पुरती फाइल सिस्टीम) आणि डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचे वर्णन, म्हणजे डीटीबी फाइली) यांची आवृत्ती एकच असावी लागते. बहुतेक बिघाड या चौघांची ताटातूट झाल्याने होतात.

बुल्सआय आवृत्तीपर्यंतच्या रास्पबेरी पाय ओएसमध्ये फॅट पार्टिशन /बूट या जागी माउंट होत (जोडले जात) असे. एखाद्या दिवशी ते माउंट झाले नाही आणि त्याच अवस्थेत अपडेट चालले, तर नवा कर्नल मुख्य पार्टिशनवरच्या रिकाम्या /बूट फोल्डरमध्ये जातो. फॅटवर जुनाच कर्नल राहतो, पण त्याची मॉड्यूल पॅकेजने पुसून टाकलेली असतात. बोर्ड सुरू होते, हिरवा दिवा लुकलुकतो, आणि वाय-फाय गायब असते. दूरच्या ठिकाणी याला बोर्ड बंद पडणेच म्हणायचे. २०२३ च्या ऑक्टोबरात आलेल्या बुकवर्म आवृत्तीत हे पार्टिशन /बूट/फर्मवेअर येथे हलवले गेले. जुन्या स्क्रिप्ट अजूनही /बूट/कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये ओळी भरतात. तिथे आता केवळ फाइल हलवल्याची सूचना असते, म्हणून त्या ओळींचा काहीच परिणाम होत नाही.

ओव्हरले फाइल सिस्टीमचा (सगळे लेखन कार्डाऐवजी रॅममध्ये ठेवणाऱ्या व्यवस्थेचा) सापळा याहून फसवा आहे. कार्ड झिजू नये म्हणून रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या साधनातून ओव्हरले चालू करतात, पण त्यानंतर विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाला नाही म्हणून बूट पार्टिशन लिहिण्याजोगे ठेवतात. या अवस्थेत अपडेट केले तर नवा कर्नल फॅटवर खरोखर लिहिला जातो. मॉड्यूल मात्र रॅममधल्या थरात जातात आणि रीबूटला नाहीशी होतात. ओव्हरले असलेल्या बोर्डावर आधी ओव्हरले बंद करावा, रीबूट करावे, अपडेट करावे, नव्या कर्नलवर एकदा सुरू करून पाहावे आणि मगच ओव्हरले परत लावावा.

जागा संपणे हे तिसरे कारण. स्ट्रेच या जुन्या आवृत्तीच्या काळातल्या कार्डांवर बूट पार्टिशन ५० एमबीच्या आत असे. पुढे ते २५६ आणि आता ५१२ एमबी झाले. तेच कार्ड वर्षानुवर्षे अपडेट करत आणले असेल तर इनिटरॅमएफएस अर्धवट लिहिली जाते. टर्मिनलवर जागा नसल्याची एक ओळ येऊन जाते आणि पुढच्या शेकडो ओळींखाली दबून जाते. डीएफ -एच चालवून किमान १०० एमबी मोकळी दिसल्याशिवाय कर्नलला हात लावू नये.

फॅटला जर्नल (अर्धवट लेखन सावरणारी नोंद) नसते. त्यावर लिहिताना वीज गेली तर अर्धी फाइल तशीच राहते. अपुऱ्या विजेची खूण आधीच मिळते. व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड या आज्ञेचे उत्तर ०एक्स० यायला हवे. ०एक्स५०००० आले तर सुरू झाल्यापासून केव्हातरी व्होल्टेज पडले होते आणि वेगही कमी करावा लागला होता. अशा अडॅप्टरवर अपडेट करू नये. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअर लागतात. शिवारात शेतीपंपाच्या फीडरला थ्री-फेज वीज पाळीने मिळते. तिथे १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी आणि ५.१ व्होल्टवर बसवलेला ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर पुरतो. बॅटरीची निम्मीच क्षमता वापरायची म्हटले तरी सुमारे ४० वॉट-तास मिळतात, म्हणजे ५ वॉटने चालणारे पाय ४ सात-आठ तास चालते. पॉवर बँक मात्र टाळावी. चार्जिंगची वीज येताना-जाताना अनेक पॉवर बँकांचे आउटपुट क्षणभर तुटते.

एमएमसीबीएलके० आणि एमएमसीबीएलके१ ही कार्ड-ईएमएमसीची नावे कर्नल बदलल्यावर आपसांत बदलू शकतात. एफएसटॅब (माउंट करायच्या पार्टिशनांची यादी) आणि सीएमडीलाइन.टीएक्सटी (कर्नलला द्यायचे पर्याय) मध्ये नावाऐवजी पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) लिहावा. बाहेरच्या पेन ड्राइव्हच्या ओळीत नोफेल हा पर्याय घालावा, नाहीतर तो ड्राइव्ह सापडला नाही म्हणून सिस्टीम इमर्जन्सी मोडमध्ये थांबते.

आरपीआय-अपडेट ही आज्ञा जुन्या लेखांत सर्रास दिसते. ती चाचणीतला कर्नल आणि फर्मवेअर आणते. रोजच्या वापराच्या बोर्डावर ती चालवू नये. त्याचप्रमाणे, रास्पबेरी पाय ओएस ज्यावर उभे आहे त्या डेबियनच्या एका मोठ्या आवृत्तीवरून दुसरीवर जागच्या जागी उडी मारू नये. रास्पबेरी पायसाठी नव्या कार्डावर नवी इमेज लिहिणे हाच अधिकृत सल्ला आहे.

अपडेट प्रतीवर, मूळ कार्ड बाजूला

एकच बोर्ड असलेल्यासाठी सर्वांत खात्रीची पद्धत सर्वांत साधी आहे. बोर्ड बंद करून कार्ड काढावे, लॅपटॉपवर डीडी या आज्ञेने ४ एमबीच्या ब्लॉकने पूर्ण कार्डाची इमेज घ्यावी आणि ती दुसऱ्या कार्डावर लिहावी. पूर्ण कार्ड घेतल्याने यू-बूटही सोबत येतो. ३२ जीबीचे म्हणून विकलेले दोन कंपन्यांचे कार्ड काही एमबीने लहान-मोठे निघते, तेव्हा पायश्रिंक या स्क्रिप्टने इमेज आवळून घ्यावी. नंतर बोर्डात प्रत घालावी आणि अपडेट प्रतीवर करावे. फसले तर मूळ कार्ड जसेच्या तसे असते. सगळे ठीक चालले तर मूळ कार्ड तारीख लिहून खोक्यातच चिकटवून ठेवावे. मग पेठ-सुरगाण्याकडच्या केंद्रावर गेलेल्या कोणालाही फोनवर सांगून ते बदलता येते. दोन्ही कार्डे एकाच वेळी एका बोर्डाला जोडू नयेत. त्यांचा पार्टयूयूआयडी सारखाच असतो आणि बूट एका कार्डावरून, मुख्य पार्टिशन दुसऱ्यावरून असा गोंधळ होतो.

होल्ड

स्वयंचलित सुरक्षा अपडेट पूर्ण बंद करणे चुकीचे आहे. फक्त बूटशी संबंधित पॅकेजे आहे त्या आवृत्तीवर थांबवावीत, यालाच होल्ड म्हणतात. बुकवर्मवर अ‍ॅप्ट-मार्क होल्ड या आज्ञेला लिनक्स-इमेज-आरपीआय-व्ही८, लिनक्स-इमेज-आरपीआय-२७१२, रास्पी-फर्मवेअर आणि आरपीआय-ईप्रॉम ही नावे द्यावीत. ऑरेंज पायसारख्या बोर्डांसाठीच्या आर्मबियन या लिनक्सवर लिनक्स-इमेज, लिनक्स-डीटीबी आणि लिनक्स-यू-बूट ही तिन्ही एकत्र थांबवावीत, आर्मबियन-कॉन्फिगमध्ये त्यासाठी फ्रीझ हा पर्याय आहे. केवळ इमेज थांबवून डीटीबी मोकळी सोडली तर वर सांगितलेली ताटातूट आपल्याच हाताने होते. अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट करणारे पॅकेज) वापरत असाल तर तीच नावे त्याच्या पॅकेज-ब्लॅकलिस्टमध्ये घालावीत. अ‍ॅप्ट-मार्क शोहोल्ड अधूनमधून पाहावे, कारण कर्नलमधल्या सुरक्षा दुरुस्त्याही होल्डमध्ये अडकून पडतात.

होल्ड कधी उठवायचा हे कामाच्या हंगामावरून ठरते. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत डावणी-भुरीच्या फवारण्या हवामानाच्या नोंदींवर ठरतात. त्या काळात हात लावू नये. माल उतरल्यावर, एप्रिलच्या खरड छाटणीच्या आसपास सवड असते. कांदा चाळीचे बोर्ड उन्हाळ कांदा भरण्याआधी मार्चमध्ये उरकावे.

परतीची स्वयंचलित वाट

रास्पबेरी पायच्या कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये ओएस_प्रीफिक्स ही सोय आहे. फॅटवर ‘जुना’ नावाचे फोल्डर करून त्यात चालू कर्नल, इनिटरॅमएफएस, डीटीबी फाइली, सीएमडीलाइन.टीएक्सटी आणि ओव्हरलेज (डिव्हाइस ट्रीच्या पूरक फाइलींचे) फोल्डर उतरवावे. फोल्डरचे प्रत्यक्ष नाव रोमन अक्षरांतच द्यावे. कॉन्फिगमध्ये ओएस_प्रीफिक्सच्या ओळीत या फोल्डरचे नाव शेवटी तिरकी रेघ देऊन लिहिले की बोर्ड जुन्यावर चालते. आता अपडेट करून कॉन्फिगची प्रत ट्रायबूट.टीएक्सटी नावाने करून तिच्यातली ही ओळ काढावी आणि रीबूट आज्ञेला ‘० ट्रायबूट’ हा मजकूर द्यावा. पुढचे एकच बूट नव्या कर्नलवर होते. ते फसले तर त्यापुढचे आपोआप जुन्यावर येते. नवे नीट चालले याची खात्री झाल्यावरच कॉन्फिगमधली ओळ काढावी. तोवर ऑटोरिमूव्ह चालवू नये. जुन्या कर्नलची मॉड्यूल त्याच आज्ञेने जातात.

हे पूर्ण होण्यासाठी अडकलेले बोर्ड स्वतः रीबूट व्हायला हवे. सीएमडीलाइन.टीएक्सटी च्या त्याच एका ओळीत पॅनिक=१० घालावे, म्हणजे कर्नल पॅनिकनंतर १० सेकंदांनी रीबूट होते. सिस्टमडीमध्ये (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) रनटाइम वॉचडॉग (बोर्ड गोठले तर रीबूट करणारा टायमर) १५ सेकंदांचा ठेवावा. सिस्टमडी सुरू होण्याआधीच कर्नल गोठला तर हा वॉचडॉग उपयोगी पडत नाही, तेव्हा वीज बंद-चालू करणे हाच मार्ग.

यू-बूटमध्ये हेच काम बूटकाउंट हा बूटच्या प्रयत्नांची मोजणी ठेवणारा आकडा करतो. बूटलिमिट ३ ठेवले तर तीन फसलेल्या प्रयत्नांनंतर ऑल्टबूटसीएमडी मधला पर्यायी मार्ग चालतो. यशस्वी बूटनंतर एफडब्ल्यू_सेटएन्व्हने मोजणी शून्य करावी लागते. हे करणारी सेवा ठेवायची विसरली तर चांगले बोर्डही तीन रीबूटनंतर जुन्यावर जाते. एफडब्ल्यू_एन्व्ह.कॉन्फिगमधला ऑफसेट (लिहिण्याच्या जागेचा आकडा) चुकला तर ही आज्ञा भलत्याच जागी लिहिते. बोर्डांची संख्या मोठी असेल तर दोन मुख्य पार्टिशने ठेवणारे राऊक, मेंडर किंवा एसडब्ल्यूअपडेट वापरावे. दोन-चार बोर्डांसाठी तो खटाटोप जड पडतो.

बोर्ड उठलेच नाही तर

पायचा हिरवा दिवा आधी मोजावा. चार लुकलुकी म्हणजे स्टार्ट.ईएलएफ सापडली नाही, सात म्हणजे कर्नल सापडला नाही. ईप्रॉमची शंका असेल तर रास्पबेरी पाय इमेजरने बूटलोडर दुरुस्तीचे कार्ड बनवावे. दुरुस्ती झाली की हिरवा दिवा सलग लुकलुकत राहतो आणि एचडीएमआयवर पूर्ण हिरवी स्क्रीन दिसते.

खरी माहिती सिरीयल कन्सोलवर (बूटचे संदेश तारेवरून लॅपटॉपवर दाखवणाऱ्या जोडणीवर) मिळते. ३.३ व्होल्टची यूएसबी-टीटीएल केबल घ्यावी. ग्राउंड ६ क्रमांकाच्या पिनेला, केबलची आरएक्स ८ ला आणि टीएक्स १० ला जोडावी. लाल तार मोकळी सोडावी. ५ व्होल्टच्या सिग्नलने पिना जळतात. पायवर वेग ११५२०० असतो, त्यासाठी कॉन्फिगमध्ये इनेबल_यूएआरटी=१ आधीच असावे लागते. पाय ५ ला दोन एचडीएमआय पोर्टांच्या मध्ये वेगळा तीन पिनांचा डीबग कनेक्टर आहे. रॉकचिपवर वेग १५००००० असतो. साधा सीपी२१०२ चिपचा अडॅप्टर तिथवर पोहोचत नाही आणि पडद्यावर नुसती विचित्र अक्षरे येतात. सीएच३४० किंवा एफटीडीआयची केबल वापरावी.

दोष पॅकेज अर्धवट बसल्याचा असेल तर कार्ड लिनक्स लॅपटॉपला लावून आधी एफएससीके (फाइल सिस्टीमची तपासणी) करावे. मुख्य पार्टिशन /एमएनटी वर आणि फॅट त्याच्या आत /बूट/फर्मवेअर वर माउंट करावे, डेव्ह, प्रॉक आणि सिस बाइंड करावेत. क्यूईएमयू-यूजर-स्टॅटिक बसवलेले असले की इंटेलच्या लॅपटॉपवरूनही सीएचरूट (कार्डावरच्या सिस्टीमच्या आत जाऊन आज्ञा चालवणे) करता येते. आत डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, मग अ‍ॅप्ट -एफ इन्स्टॉल आणि अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल याच क्रमाने चालवावे. फक्त विंडोज लॅपटॉप हाताशी असेल तर त्यावर निदान फॅट पार्टिशन उघडते. ‘जुना’ फोल्डर आधीच केलेले असेल, तर नोटपॅडमध्ये कॉन्फिग.टीएक्सटी उघडून ओएस_प्रीफिक्सची एक ओळ घालणे पुरते.