अंतराळवैद्यकाचा कललेला पलंग

अंतराळात जाऊन आलेली माणसं आजही हजाराच्या आतच आहेत. तिथे सलग महिनोन्महिने राहिलेली तर त्याहून कितीतरी कमी. मग लंडनच्या किंग्ज कॉलेजसारख्या ठिकाणी अवकाश-शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे अंतराळात शरीर कसं चालतं ते, शिकणाऱ्यांनी अभ्यास करायचा तरी कुणावर? जमिनीवरच्या माणसांवर, आणि तोही त्यांना पलंगावर झोपवून!

जर्मनीत कलोनच्या संशोधन केंद्रात धडधाकट स्वयंसेवक ६० दिवस आडवे पडून राहतात. पलंगाची डोक्याकडची बाजू ६ अंशांनी खाली असते. आंघोळ, शौच सगळं पडूनच; जेवतानाही एक खांदा गादीला टेकलेला हवा. एरवी पायांकडे ओढलं जाणारं रक्त या उतारामुळे छातीकडे आणि डोक्याकडे सरकतं. अंतराळवीरांचे चेहरे सुजलेले आणि पाय काटकुळे दिसतात, ते असंच. पायांवर भार नसला की स्नायू आणि हाडं झिजतात. अंतराळात खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. म्हणून अंतराळ स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायामासाठी राखलेले असतात.

पण पलंगावर गुरुत्वाकर्षण असतंच, फक्त त्याची दिशा बदललेली असते. त्यामुळे काही गोष्टी वर गेल्यावरच कळतात, आणि मला हा विषय सगळ्यात जास्त खेचतो तो इथेच. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ अंतराळवीरांच्या मानेतली मोठी शीर सोनोग्राफीने तपासली होती. सहा जणांच्या शिरेत रक्त थबकलेलं होतं किंवा चक्क उलटं वाहत होतं. एकाच्या शिरेत गुठळी सापडली. त्या व्यक्तीला कसलाही त्रास जाणवत नव्हता; संशोधनासाठी तपासणी झाली नसती, तर ती गुठळी कुणाच्या लक्षातही आली नसती.

स्थानकावर रक्त पातळ करणारी इंजेक्शनं होती, पण मोजकीच. ती पुरवून वापरली, मग पुरवठा यानातून गोळ्या पाठवल्या. सोनोग्राफीचा प्रोब अंतराळवीराने स्वतःच मानेवर धरला आणि तो कुठे सरकवायचा हे पृथ्वीवरून तज्ज्ञ सांगत गेले.

मंगळाच्या वाटेवर मागून औषधं येणार नाहीत. तिथून विचारलेला प्रश्न पृथ्वीवर पोचायलाच वीसेक मिनिटं लागू शकतात. तेव्हा प्रोब धरणाऱ्यालाच पडद्यावरची गुठळी ओळखता यावी लागेल.