लेवी बॉडी स्मृतिभ्रंश

मेंदूतील चेतापेशींमध्ये अल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनाचे गोळे साचून होणारा, वर्षागणिक वाढत जाणारा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार. या गोलसर साठ्यांना लेवी पिंड म्हणता येईल, पण डॉक्टरांच्या आणि आता रुग्णांच्या घरच्यांच्याही तोंडी ‘लेवी बॉडी’ हाच शब्द बसला आहे. आजार पन्नाशीनंतर, बहुतेकदा साठी-सत्तरीत उघड होतो. मेंदूच्या झिजेमुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशांत अल्झायमरच्या खालोखाल तो आढळतो, असे मानले जाते. मात्र दवाखान्यात निदान होणाऱ्यांपेक्षा मृत्यूनंतर मेंदू तपासल्यावर सापडणाऱ्यांचे प्रमाण बरेच जास्त असते. ज्यांचे निदान होत नाही त्यांच्या कागदावर अल्झायमर, कंपवात (पार्किन्सन), नैराश्य किंवा नुसतेच ‘वयोमानानुसार’ असे लिहिलेले असते. घरात त्याला म्हातारचळ म्हणतात आणि विषय संपतो.

आजाराचे मराठी नाव थोडे फसवे आहे. सुरुवातीच्या काळात स्मृती बऱ्यापैकी शाबूत असते. गेल्या महिन्यातल्या लग्नाला कोण कोण आले होते हे रुग्ण बिनचूक सांगतो, पण सदऱ्याची बटणे भलत्याच काजात घालतो, खुर्चीवर बसताना अंदाज चुकून काठावर टेकतो, दुधाचा हिशेब तीनदा करूनही जुळवू शकत नाही. आधी बिघडते ते लक्ष, नियोजन आणि डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ लावण्याची शक्ती. त्यामुळे केवळ ‘विसरतात का?’ एवढेच विचारणाऱ्याच्या हातून हा आजार निसटतो.

इतिहास

बर्लिनमध्ये जन्मलेल्या फ्रिट्झ हाइन्रिख लेवी या चेताविकारतज्ज्ञाने १९१२ मध्ये कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत हे पिंड पाहिले. पुढे १९१९ मध्ये कॉन्स्टांटिन त्रेत्याकॉफ याला पॅरिसमध्ये काम करताना ते मेंदूच्या खोडातील कृष्णद्रव्यात सापडले आणि त्याने त्यांना लेवीचे नाव दिले. लेवी स्वतः ज्यू होता. १९३३ मध्ये त्याला जर्मनी सोडावी लागली आणि उरलेले आयुष्य अमेरिकेत गेले. हे पिंड मेंदूच्या बाह्यकातही, म्हणजे बाहेरच्या थरातही, असतात व त्यातून स्मृतिभ्रंश होतो, हे १९६१ मध्ये ओकाझाकी व सहकाऱ्यांनी दोन रुग्णांवरून दाखवले; पण त्याचा पाठपुरावा केला तो जपानच्या केंजी कोसाका यांनी, १९७६ पासून. पिंडांतले मुख्य प्रथिन अल्फा-सायन्यूक्लिन असल्याचे १९९७ मध्ये कळले. निदानाचे सर्वमान्य निकष न्यूकॅसलच्या इयन मकीथ यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. सध्या २०१७ ची सुधारित आवृत्ती वापरात आहे.

निदान

दैनंदिन कामात अडथळा आणणारा बौद्धिक ऱ्हास ही निदानाची पहिली अट. त्याच्या जोडीला चार मुख्य लक्षणे पाहतात : चढउतार, दृष्टिभास, स्वप्ननिद्रेतील हालचाली आणि कंपवाताची चिन्हे. चारपैकी दोन असली तर निदान ‘संभाव्य’ म्हणजे बरेच भरवशाचे ठरते. एकच असेल, तर पुढे सांगितलेल्या तीन निर्देशक तपासण्यांपैकी किमान एकीचा दुजोरा लागतो.

दृष्टिभास हे यातले सर्वांत ठळक लक्षण, आणि तेच सर्वांत जास्त लपवले जाते. दिसते ते धूसर नसते. कोपऱ्यात बसलेली मुले, पलंगाखालचे मांजर, दारात उभी अनोळखी बाई असे नाकीडोळी स्पष्ट, पण बहुधा मुके. ते पुन्हापुन्हा येतात. कधी खुंटीवरचा कोट माणूस वाटतो, कधी फरशीच्या नक्षीत चेहरे दिसतात. बऱ्याच रुग्णांना सुरुवातीला हे खरे नाही याची जाणीव असते, म्हणूनच ते बोलत नाहीत. लोक वेड लागले म्हणतील ही भीती असते. बोललेच, तर आपल्याकडे बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे होण्यात महिने जातात. काहींना आपल्या पत्नीच्या जागी हुबेहूब तिच्यासारखीच दुसरी कोणी आली आहे, असा भ्रम होतो. चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला ‘तू कोण?’ ऐकावे लागणे हा या आजारातला फार कठीण प्रसंग असतो.

चढउतार म्हणजे एकाच दिवसात किंवा आठवड्यात जाणिवेची पातळी वरखाली होणे. सकाळी पेपर वाचून चर्चा करणारे गृहस्थ दुपारी टक लावून बसतात, हाक मारली तरी ओ देत नाहीत, बोलले तर असंबद्ध. तपासणीच्या दिवशी नेमके ठीक असतात, आणि मग घरच्यांवरच अतिशयोक्तीचा संशय येतो. यासाठी चार प्रश्न उपयोगी पडतात : रात्रीची झोप पुरेशी होऊनही दिवसभर गुंगी असते का? दिवसा दोन तासांहून अधिक झोपतात का? बराच वेळ शून्यात पाहत बसतात का? बोलणे मध्येच विस्कळीत होते का? चारपैकी किमान तीन उत्तरे ‘हो’ असली, तर शंका बळावते.

चार मुख्य लक्षणांपैकी झोपेचा बिघाड इतरांच्या कितीतरी आधी, कधी दहा-वीस वर्षे आधीही, सुरू झालेला असतो. स्वप्ने पडण्याच्या झोपेत शरीराचे स्नायू एरवी शिथिल असतात. ही शिथिलता गेली की माणूस स्वप्न जगू लागतो. ओरडतो, गुद्दे मारतो, पलंगावरून पडतो. ही माहिती रुग्ण देऊ शकत नाही, शेजारी झोपणारी व्यक्तीच देते. म्हणून तिला वेगळे बसवून विचारणे हे कोणत्याही यंत्राइतकेच मोलाचे आहे. कंपवाताची चिन्हे म्हणजे संथपणा, ताठरता आणि थरथर. थरथर यात कमी दिसते, किंवा नसतेही. शिवाय वास न येणे, बद्धकोष्ठ, उठताना रक्तदाब घसरून चक्कर येणे, वारंवार पडणे ही आनुषंगिक लक्षणे असतात.

कंपवाताच्या रुग्णांनाही पुढे स्मृतिभ्रंश होतो आणि मेंदूतले चित्र जवळजवळ तेच असते. दोहोंत फरक करण्यासाठी एक वर्षाचा नियम वापरतात. स्मृतिभ्रंश हालचालींच्या तक्रारींआधी किंवा त्यानंतर वर्षाच्या आत आला, तर लेवी बॉडी स्मृतिभ्रंश. त्याहून उशिरा आला तर कंपवातजन्य. ही सोयीसाठी आखलेली रेघ आहे, निसर्गाने आखलेली नव्हे.

तपासण्यांपैकी रक्ताच्या व लघवीच्या चाचण्या मुख्यतः दुसरे काही नाही ना हे पाहण्यासाठी असतात : जीवनसत्त्व बी-१२, थायरॉइड, सोडियम, लघवीतला जंतुसंसर्ग. अचानक आलेला भ्रम हा बऱ्याचदा संसर्गाचा असतो आणि तो उतरतो. कागदावर घड्याळ काढायला किंवा एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन उतरवायला सांगितले की दृष्टिबोधातला बिघाड लगेच उघडा पडतो. एमआरआयमध्ये स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग अल्झायमरच्या मानाने कमी आकसलेला दिसतो. निर्देशक तपासण्यांत पहिली, डोपामिन या हालचालींशी निगडित मेंदूतल्या रसायनाच्या वाहकाचे चित्रण. परदेशात त्याला डॅटस्कॅन म्हणतात, भारतात मोठ्या शहरांत ट्रोडॅट स्कॅन होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात संभाव्य रुग्णांपैकी सुमारे ७८ टक्क्यांत ते सदोष निघाले, तर इतर स्मृतिभ्रंश असलेल्या सुमारे ९० टक्के व्यक्तींत निर्दोष. म्हणजे स्कॅन चांगले आले म्हणून आजार नाहीच, असे म्हणता येत नाही. दुसरी, एमआयबीजी हे किरणोत्सारी द्रव्य वापरून केलेले हृदयाच्या चेतातंतूंचे चित्रण. ते जपानमध्ये विशेष प्रचलित आहे. मेंदूच्या आजारासाठी हृदय तपासणे विचित्र वाटते, पण हे प्रथिन आतडी व हृदयाकडे जाणाऱ्या चेतातंतूंतही साचते. तिसरी, प्रयोगशाळेत रात्रभर केलेली निद्रातपासणी. अलीकडे पाठीच्या कण्यातील द्रवातून किंवा त्वचेच्या तुकड्यातून सदोष सायन्यूक्लिन शोधण्याच्या चाचण्या पुढे आल्या आहेत.

हे सगळे हाताशी असतानाही निदान हुकते. अमेरिकी अभिनेता रॉबिन विल्यम्स याला मे २०१४ मध्ये कंपवात असल्याचे सांगितले गेले. ऑगस्टमध्ये त्याने जीवन संपवले, आणि मेंदूभर पसरलेले लेवी पिंड शवविच्छेदनातच दिसले.

उपचार

आजार थांबवणारे औषध नाही. तरीही उपचाराला जागा भरपूर आहे, आणि चुकीच्या उपचाराला त्याहून जास्त. म्हणून पहिले काम औषधे सुरू करण्याचे नसून असलेली औषधे तपासण्याचे. थरथरीसाठी दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवीसाठीचे ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी दिलेले अमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या ही सर्व औषधे अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाचे काम अडवतात. या आजारात ते मुळातच अल्झायमरपेक्षाही जास्त घटलेले असते. अशी औषधे सावकाश कमी करत बंद केल्यानेच काही रुग्ण लक्षात येण्याइतके सुधारतात.

अ‍ॅसिटिलकोलिन टिकवून धरणारी डोनेपेझिल व रिव्हास्टिग्मिन ही औषधे याच कारणाने इथे चांगली लागू पडतात. लक्ष सुधारते आणि पुष्कळदा भासही कमी होतात. जपानने २०१४ मध्ये डोनेपेझिलला या आजारासाठी अधिकृत मान्यता दिली. मळमळ, जुलाब आणि नाडी मंदावणे हे त्रास होऊ शकतात; म्हणून आधी ईसीजी काढतात. गोळी सोसत नसेल तर रिव्हास्टिग्मिनची त्वचेवर चिकटवायची पट्टी मिळते.

सर्वांत मोठा धोका मनोविकृतीवरील औषधांचा. हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिल्यावर या रुग्णांपैकी बरेच जण लाकडासारखे ताठ होतात, गुंगीत जातात, गिळणे बंद होते, काही दगावतात. १९९२ मध्येच ही तीव्र संवेदनशीलता नोंदवली गेली. प्रसंग बहुधा ठरलेला असतो : लघवीच्या संसर्गाने रुग्ण भरती होतो, रात्री गोंधळ घालतो आणि निदान ठाऊक नसलेला कोणीतरी शांत करण्यासाठी इंजेक्शन देतो. त्यामुळे ‘लेवी बॉडी, हॅलोपेरिडॉल देऊ नये’ अशी ठळक चिठ्ठी फायलीच्या पहिल्या पानावर लावणे शहाणपणाचे. भास त्रासदायक नसतील तर त्यांना औषध लागतच नाही. अगदी नाइलाज झाला तर याच गटातले क्वेटियापिन फार थोड्या मात्रेत, साडेबारा मिलिग्रॅमपासून, देतात.

हालचालींसाठी लेव्होडोपा देता येते, पण कंपवाताइतका गुण येत नाही, आणि मात्रा वाढली की भासही वाढतात. पाय सुटतात तेव्हा डोके बिघडते, अशी ही तारेवरची कसरत आहे. काय जास्त महत्त्वाचे ते कुटुंबाने व डॉक्टरांनी मिळून ठरवायचे. झोपेतल्या हालचालींसाठी मेलाटोनिन, किंवा जपून क्लोनाझेपाम देतात. पलंग ठेंगणा करावा आणि कोपऱ्यांवर गादी लावावी. उठताना चक्कर येत असेल तर रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या अजून गरजेच्या आहेत का, हे आधी पाहावे.

घरी काय करावे याचे उत्तर बरेचसे उजेडात आहे. संध्याकाळी खोली नीट उजळलेली असली, आरसे झाकले, खुंटीवरचे कपडे उतरवले की भास कमी होतात. दिसणाऱ्या मुलांवरून वाद घालू नये आणि खोटी साथही देऊ नये. ‘मला दिसत नाहीत, पण तुम्हाला त्रास देत नाहीत ना?’ एवढे पुरते. सांभाळणारी बहुधा पत्नी किंवा सून असते आणि तिची झोप आधीच उडालेली असते. तिला आठवड्यातून काही तास सुटका मिळवून देणे हा उपचाराचाच भाग समजतात.

निदानानंतर रुग्ण सरासरी पाच ते आठ वर्षे जगतात, पण व्यक्तीव्यक्तीत अंतर मोठे असते. अखेरच्या टप्प्यात गिळणे बिघडून होणारा न्यूमोनिया हे मृत्यूचे नेहमीचे कारण. पक्के निदान मेंदूच्या ऊतींच्या तपासणीनेच होते. भारतात अशी तपासणी क्वचितच केली जाते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील मेंदू-ऊती पेढी कुटुंबाच्या संमतीने मेंदूदान स्वीकारते.